कलेची नोकरी आणि मुंबई शहर

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]



शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या दारीं पालकांची ये-जा वाढते. त्यांतले बहुतेक जण विज्ञान घ्यावें कीं वाणिज्य, एवढेंच विचारून जातात. पण दरवर्षीं तिघेचौघे असे येतात कीं, ज्यांचा प्रश्न निराळा असतो. कोणाचा मुलगा चित्रें बरीं काढतो. कोणाच्या मुलीला नाटकाचा नाद आहे. कोणाचा धाकटा रात्र रात्र जागून गोष्टी लिहितो. आणि ह्या सर्वांना मुंबईस जावयाचें असतें. "मास्तर, ह्यांना तिकडे कलेची नोकरी मिळेल काय?" ह्या प्रश्नाचें जें उत्तर मी एकेकाला ओसरीवर बसवून देतों, तेंच आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नेहमीं मुलाच्या अंगच्या गुणांपाशीं नेऊन भिडविला जातो. गुण असेल तर कोठेंही चमकेल, असें म्हणून कांहीं जण मुलाला गाडींत बसवून देतात. एवढा कसला आला आहे गुण, असें म्हणून कांहीं जण त्याला घरीं बसवितात. हीं दोन्ही उत्तरें मला अपुरीं वाटतात. गुण लागतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु पगार देणारा माणूस आपली गरज पाहून पगार देतो. ज्या धंद्याला चित्राची, शब्दाची किंवा आवाजाची गरज पडते, तो धंदा चित्रकाराला, लेखकाला, नटाला पोसतो. तेव्हां मुंबईस जावयाचें तर तेथल्या कोणत्या धंद्याला आपल्या कलेची गरज आहे, हें आधीं पाहावें.

मुंबईचा इतिहास ह्या दृष्टीनें फार बोलका आहे. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून तेथली कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली. कारागिरांची कला सुधारावी, हा त्या देणगीमागचा एक मोठा हेतु होता. आज त्या शाळेच्या नांवाभोवतीं जें वलय दिसतें, तें पुढें आलें. मग राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांचीं चित्रें घरोघरच्या भिंतींवर गेलीं. त्या छापखान्याला दगडावर चित्र उतरविणारे हात हवे होते. गिरण्यांना कापडाच्या ठाणांवर चिकटविण्यासाठीं रंगीत चित्रें हवीं होतीं. व्यापाऱ्यांना दिनदर्शिका हव्या होत्या, वर्तमानपत्रांना व्यंगचित्रें हवीं होतीं, आणि चित्रपटगृहांना रस्त्यावरून जाणाऱ्याची मान वर वळवील असे भलेमोठे फलक हवे होते. ह्या सगळ्या गरजांच्या आधारानें चित्रकारांच्या दोनतीन पिढ्या जगल्या. त्यांतल्या थोड्यांचीं नांवें राहिलीं. बाकीच्यांनीं मुलें शिकविलीं, बहिणींचीं लग्नें केलीं, आणि तेंही कांहीं थोडें नव्हे.

दादासाहेब फाळक्यांचें उदाहरण मी पालकांना मुद्दाम सांगतों. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ सालीं मुंबईच्या कलाशाळेंत दाखल झाला. तेथून बडोद्याच्या कलाभवनांत गेला. गोध्र्यास त्यानें छायाचित्रांचें दुकान मांडलें; तें टिकलें नाहीं. पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नकाशे व आकृत्या काढण्याची नोकरी केली. रविवर्म्यांच्या छापखान्याचें काम केलें. मग स्वतःचा छापखाना भागीदारींत काढला आणि भागीदारांशीं न पटल्यामुळें तोही सोडला. ह्यानंतर, ३ मे १९१३ रोजीं, गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्या वेळीं फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते आणि कलाशाळेंत पाऊल टाकल्याला अठ्ठावीस वर्षें लोटलीं होतीं. मधल्या ह्या नोकऱ्यांपैकीं एकही वायां गेली नाहीं; छायाचित्रण, रसायनें, छपाई, आकृति, सर्व त्या चित्रपटांत उपयोगी पडलें. पण हें आज मागें वळून पाहतांना दिसतें. त्या काळीं त्यांच्या आप्तांना हा माणूस कोठेंच टिकत नाहीं असें वाटलें असेल, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, ह्या शहरानें पुष्कळांना प्रथम कलेची नोकरी दिलीच नाहीं. कलेच्या शेजारची, किंवा कलेशीं कांहींएक संबंध नसलेली नोकरी दिली. मकबूल फिदा हुसेन ह्यांनीं चित्रपटांचे फलक रंगविले. चौरस फुटाच्या हिशेबानें मजुरी मिळे. शैलेंद्र हे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांत कामाला होते आणि १९४९ च्या 'बरसात'साठीं त्यांनीं गीतें लिहिलीं, तीं ह्या पार्श्वभूमीवर. जॉनी वॉकर ह्या नांवानें पुढें सगळ्या देशाला हसविणारा नट मुंबईच्या बसगाड्यांवर वाहक होता. आणि आमच्या व्यवसायाला ज्यांचा अभिमान वाटावा ते नारायण सुर्वे! गिरणींत राबले, महापालिकेच्या शाळेंत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ सालीं निघाला, तेव्हां वय छत्तिशीच्या घरांत होतें. शाळेची घंटा वाजविणाऱ्या माणसाच्या खिशांत कवितेचा कागद असूं शकतो, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनीं तरी विसरूं नये.

नकाराविषयीं एक शब्द बोलतों. म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण ह्यांनीं मुंबईच्या ह्याच कलाशाळेंत प्रवेश मागितला होता आणि तो त्यांना नाकारण्यांत आला. त्यांनीं म्हैसूरलाच पदवी घेतली, वर्तमानपत्रांना व मासिकांना चित्रें पाठविणें थांबविलें नाहीं, आणि पुढें मुंबईच्या दैनिकांत अर्धशतकाच्या वर त्यांचा सामान्य माणूस रोज सकाळीं लोकांच्या चहाबरोबर येत राहिला. त्याच कलाशाळेनें नंतर त्यांना पाहुणे म्हणून बोलाविलें. ह्यावरून प्रवेशपरीक्षा निरुपयोगी ठरते, असें कृपा करून कोणी समजूं नये. नाकारल्या गेलेल्या शेकडों मुलांत लक्ष्मण एक निघाला. पण ज्याला नकार आला आहे, त्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेन्सिल हातीं घेतली कीं नाहीं, एवढें घरच्यांनीं अवश्य पाहावें. मला स्वतःला परीक्षेच्या गुणांपेक्षां ही खूण अधिक भरंवशाची वाटते.

आतां ज्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं अशा एका बदलाकडे वळतों. पूर्वीं मुंबईंत नाटक करणारा मुलगा बँकेंत, रेल्वेंत, मंत्रालयांत किंवा बेस्टमध्यें कारकून असे. साडेपांचाला टेबल आवरलें कीं सहाला तो दादरला तालमीला हजर. त्या कचेऱ्यांच्या स्वतःच्या नाट्यशाखा असत. १९५४ सालीं राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा निराळ्या. त्यांत भाग घेणाऱ्याला साहेब कौतुकानें रजा देत. मराठी रंगभूमीचें केवढें तरी ओझें ह्या कायम नोकरीवाल्यांच्या खांद्यांवर होतें. तसेंच गिरणगांवाचें. पाळी संपल्यावर भजन, लोकनाट्य, शाहिरी. अण्णाभाऊ साठे त्याच वस्तींतून बोलले. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या पूर्ववत् झाल्याच नाहींत, आणि त्यांच्याबरोबर तो संध्याकाळचा कलावंतही उखडला गेला. आज मुलगा खासगी कचेरींत कंत्राटावर लागतो, रात्रीं नवाला सुटतो आणि विरार नाहीं तर बदलापूरची गाडी पकडतो. त्यानें तालीम करावयाची केव्हां? म्हणून "पोटापाण्याची नोकरी धर आणि फावल्या वेळांत कला कर" हा वाडवडिलांचा सल्ला आज जसाच्या तसा देतां येत नाहीं. फावला वेळच राहिलेला नाहीं. मी आतां असें सांगतों कीं, नोकरी धरतांना पगारापूर्वीं सुटण्याची वेळ विचारा. दोन हजार कमी मिळाले तरी चालतील. पण संध्याकाळचे दोन तास विकूं नका.

मग आज काम कोठें आहे? जेथें पडद्यावर किंवा फलकावर नांव झळकतें, तेथें गर्दी फार. वर्सोव्याच्या आरामनगरांत नटांची निवड करणाऱ्या कचेऱ्या आहेत. तेथें मुलामुलींची रीघ लागलेली असते. परंतु एका चित्रपटामागें किंवा मालिकेमागें नटांखेरीज किती माणसें लागतात, ह्याचा विचार घरीं कोणी करीत नाहीं. नेपथ्याचे मदतनीस, वेशभूषेचे मदतनीस, संकलकाचा हाताखालचा माणूस, ध्वनि टिपणारा, चित्रांतून प्रसंग आखून देणारा, संवादांचें भाषांतर करणारा, दुसऱ्या भाषेंत आवाज देणारा. ह्या जागांची जाहिरात क्वचितच निघते. एक मदतनीस सोडून जातांना दुसऱ्याचें नांव सुचवून जातो, अशी तेथली रीत आहे. त्यामुळें मोठ्या दिग्दर्शकाला पत्र लिहिण्यापेक्षां त्याच्या तिसऱ्या मदतनिसाशीं ओळख करून घेणें अधिक फळतें. तो तीनचार वर्षांनीं मोठाच पण होईल, आणि तुमचें नांव त्याच्या ध्यानांत राहील.

शुद्ध मराठी लिहिणाऱ्याला तर आज बाजारांत मागणी आहे, हें ऐकून कित्येकांना नवल वाटेल. जाहिराती, औषधांच्या सूचना, बँकांचीं पत्रकें, परभाषेंतल्या मालिकांचे मराठी संवाद, हें सारें कोणीतरी लिहीतच असतें. आणि कसें लिहितें! चौकांतल्या फलकांवरचें मराठी वाचलें कीं माझा हात आपोआप लाल शाईकडे जातो. हिंदी वाक्याला मराठी विभक्ति चिकटविली म्हणजे भाषांतर झालें, अशी समजूत दिसते. ज्या मुलाला दोन्ही भाषा नीट येतात आणि जो वेळेवर काम देतो, त्यानें दहा ठिकाणीं नमुने पाठवावे. अक्षराच्या कलेचेंही असेंच आहे. र. कृ. जोशी जाहिरात-संस्थेंत कलादिग्दर्शक होते, पुढें पवईच्या आय.आय.टी.त शिकवूं लागले, कविताही करीत. आणि संगणकावर आपण वर्षानुवर्षें ज्या 'मंगल' नांवाच्या देवनागरी अक्षरांत वाचीत आलों, तीं त्यांच्या हातचीं. जाहिरातीच्या कामांत घोटलेलें वळण कोणत्या ठिकाणीं जाऊन पोंचलें, पाहा.

येथें यंत्राचा प्रश्न येतो. २०२२ पासून, सांगितल्याबरोबर चित्र काढून देणाऱ्या आणि मजकूर लिहून देणाऱ्या संगणकीय साधनांचा प्रसार झाला आहे. नवशिक्याला पूर्वीं जीं पहिलीं कामें मिळत, म्हणजे कच्चीं चित्रें, किरकोळ भाषांतरें, तींच ह्या यंत्रानें प्रथम उचललीं. पालक ह्यामुळें घाबरले आहेत आणि त्यांची भीति निराधार नाहीं. हाताने फलक रंगविणाऱ्यांचें काय झालें, तें आपण पाहिलेंच आहे. फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि थोड्या वर्षांत त्यांच्या कार्यशाळा बंद पडल्या. ज्यांना केवळ मोठें करून रंगवितां येत होतें, ते बसले. ज्यांना रचना समजत होती, त्यांतले कांहीं संगणकापुढें जाऊन बसले आणि तगले. पण वय झालेल्यांना तें जमलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. आजच्या मुलाला वयाची ती अडचण नाहीं. त्यानें यंत्र शिकावें. आणि त्याबरोबर यंत्राला जें सांगावें लागतें, तें कळण्यासाठीं माणसांचे हात, चेहरे, घरें, झाडें स्वतःच्या हातानें काढीत राहावें.

कामाचे नमुने दाखविण्याविषयीं थोडें. मुलें चाळीस-पन्नास चित्रांचें बाड घेऊन जातात. समोरच्या माणसाजवळ पांच मिनिटें असतात. दहा कामें पुरेत. पण त्यांतल्या एकाची तरी कच्ची आखणी, फसलेले प्रयत्न आणि शेवटचें रूप, असा सगळा प्रवास दाखवावा. विचार कसा चालतो, हें त्यावरून कळतें. अभिनय करणाऱ्या मुलीनें मोठमोठीं स्वगतें पाठ करून जाण्यापेक्षां वर्तमानपत्रांतला एक परिच्छेद तीन तऱ्हांनीं वाचून दाखवावा.

आणि फसवणूक! ह्या विषयावर मी थोडा कडकपणें बोलणार आहें. काम देणारा पैसे देतो. जो नांवनोंदणीचे, छायाचित्रांचे, 'ओळखीचे' पैसे मागतो, त्याच्या दारांतून परत फिरावें. दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो. माझ्या एका विद्यार्थिनीला एका प्रकाशन-व्यवसायिकानें मुलांच्या पुस्तकासाठीं चाळीस चित्रें काढावयास सांगितलीं. कागदावर कांहीं नाहीं. आठ वेळां दुरुस्त्या करून घेतल्या आणि मग, "आमचा विचार बदलला" असा निरोप धाडला. तीन महिने ती पोर रोज रात्रीं दोनपर्यंत बसत होती. आईला फोनवर "सारें ठीक आहे" म्हणून सांगे आणि भाड्यासाठीं मैत्रिणीकडून उसने घेई. तिच्यापाशीं दुरुस्त्यांचे सगळे निरोप जपून ठेवलेले होते, म्हणून लेखी तगाद्यानंतर निम्मे पैसे तरी हातीं आले. नमुना म्हणून फार तर एक चित्र, एक पान फुकट द्यावें. त्यापुढें लेखी मागणी आणि कांहीं रक्कम आगाऊ.

कायदा कलावंताला वाटतो तितका परका नाहीं. २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याखालीं एकटा काम करणारा चित्रकार किंवा भाषांतरकारही आपली नोंदणी करूं शकतो. ती विनामूल्य आहे आणि काम घेण्यापूर्वींच केलेली असावी. मग काम घेणाऱ्यानें ४५ दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागूं होतें आणि तक्रारीसाठीं शासनाची परिषद आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्काचें हस्तांतर लेखी असावें लागतें. आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क, उलट करार नसल्यास, मालकाकडे जातो. २०१२ च्या दुरुस्तीनें चित्रपटाच्या लेखकाला व गीतकाराला, चित्रपटगृहाबाहेरच्या उपयोगाबद्दल मिळणारा मानधनाचा वाटा निर्मात्याला सोडून देतां येत नाहीं. 'सर्व हक्क' हे दोन शब्द करारांत दिसले कीं सही करण्यापूर्वीं एक रात्र जाऊं द्यावी.

मुलींच्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो ते हळू आवाजांत विचारतात. दहा किंवा अधिक माणसें कामाला असतील तेथें २०१३ च्या कायद्याप्रमाणें तक्रार-समिति असलीच पाहिजे. ती आहे कीं नाहीं, हें मुलाखतीच्या वेळींच विचारावें. प्रश्नानें नोकरी जात असेल तर ती गेलेली बरी. रात्रींच्या चित्रणानंतर घरीं पोंचविण्याची व्यवस्था कोण करणार, हेंही आधींच ठरवून घ्यावें. पण ह्या भीतीपायीं मुलीला पाठवूंच नये, असें मी कधीं सांगितलेलें नाहीं. मुलाच्या बाबतींत आपण हे प्रश्न विचारीतही नाहीं. खरें म्हणजे तेथेंही विचारावयास हवेत.

राहतां राहिला खर्चाचा हिशेब, आणि माझ्या मतें सगळ्याची किल्ली तेथेंच आहे. मालिकांच्या धंद्यांत कामाचे पैसे ९० दिवसांनीं हातीं पडण्याची रीत आहे. म्हणजे पहिल्या दिवशीं काम मिळालें तरी तीन महिने खिसा रिकामा. शिवाय खोलीच्या भाड्याच्या दोनतीन पट अनामत, खाणावळ, गाडीचा पास. म्हणून सहा महिन्यांचा खर्च हातीं असल्याखेरीज निघूं नये. तो घरून मिळणार असेल तर तसें मोकळेपणीं बोलावें. मिळणार नसेल तर मुलानें आधीं गांवांतच वर्षभर काम करून तो सांठवावा. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, कोठेंही काम लहान नसतें आणि हात चालूं राहतो. किती वर्षें वाट पाहावयाची, हेंही बापलेकांनीं आधींच बोलून ठेवावें. मी दोन वर्षें म्हणतों. दोन वर्षांत नांव होत नाहीं. पण पोट भरण्याइतकें काम येतें कीं नाहीं, तें कळतें. न आल्यास परत येणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं टोचूं नये. दोन वर्षें मुंबईच्या कार्यशाळेंत काढलेला हात तालुक्याच्या गांवीं पुष्कळांना हवा असतो.

गेल्या महिन्यांत एक गृहस्थ आले होते. एस.टी.त चालक आहेत. मुलगा नेपथ्याच्या कामाला जावयाचा म्हणून हट्ट धरून बसलेला. सगळें ऐकून घेतल्यावर त्यांनीं विचारलें, "आणि मास्तर, नाहींच जमलें तर परत कोणत्या तोंडानें येईल हो तो?" मीं म्हटलें, परतीच्या प्रवासाचे आणि एका महिन्याच्या जेवणाचे पैसे वेगळे काढा; त्याच्याजवळ देऊं नका, त्याच्या आईजवळ ठेवा, आणि ठेवले आहेत एवढें त्याला सांगा. त्यांनीं तसे ठेवले. मुलगा परवांच्या सोमवारीं पहांटेच्या गाडीनें दादरला उतरला. पहिल्या आठवड्याचें काम परळच्या एका नाट्यगृहांत, पडदे शिवणाऱ्यांच्या हाताखालीं आहे.